खांबाचा नंबर लिहून पाठवा

या खेपेला वाचकांना एकच विचारलं होतं: राहता त्या वस्तीत जीव कशाने धास्तावतो आणि कशाने निर्धास्त असतो? पत्रं आली ती बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यातून, काही ठाणे शहरातून, एक सांगलीहून. उत्तरं देणारा मी पोलीस नाही, वकीलही नाही. एका महापालिकेच्या पथदिव्यांच्या खात्यात ३१ वर्षं काढली. आधी वायरमन, शेवटी पर्यवेक्षक. निम्म्याहून जास्त वर्षं रात्रपाळी. घर कोपरखैरण्यात, वडिलांना माथाडी कामगार म्हणून मिळालेलं. मोहल्ला समितीवर होतो, त्यामुळे पोलीस ठाण्यात कुठल्या टेबलाशी काय होतं तेही थोडंफार ठाऊक. शिडीवरून जे दिसलं ते सांगतो.

प्रश्न: माझ्या मुलीला ऐरोलीच्या आयटी कंपनीत नोकरी लागली आहे. दोन जागा पाहिल्यात. एक कोपरखैरण्यात गावठाणाला लागून, दुसऱ्या मजल्यावर, दोन मैत्रिणींबरोबर. दुसरी घणसोलीला मोठ्या टॉवरमध्ये, फाटकावर चोवीस तास वॉचमन. सुटायला तिला रोज रात्रीचे नऊ होणार. नातेवाईक म्हणतात, गावठाणाकडे नको, टॉवरच घ्या. कुठला भाग सुरक्षित? (एक आई, सांगली)

उत्तर: ताई, चांगल्या आणि वाईट भागांची यादी मी कुणालाच देत नाही. एकाच सेक्टरमध्ये एक गल्ली रात्री बारापर्यंत जागी असते आणि तिच्या पाठची आठलाच सामसूम होते. तुमची मुलगी सेक्टरमध्ये राहणार नाही, ती एका रस्त्याने रोज रात्री साडेनऊला चालत जाणार आहे. तो रस्ता बघायचा.

म्हणून एकदा स्वतः या. रविवारी नको, कामाच्या दिवशी. ऐरोलीला नऊच्या सुमाराची गाडी पकडा. रबाळे, घणसोली, मग कोपरखैरणे. आधी एका जागेचा रस्ता चाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागेचा. स्टेशनातून बाहेर पडताना बघा, बरोबर उतरलेली माणसं कुठल्या बाजूला वळतात आणि तुमच्या वाटेवर किती उरतात. रिक्षाचा थांबा कुठे आहे, तिथे रांग लागते की ओरडाओरड असते, शेअर रिक्षा मिळते का. मग चालत सुटा आणि शेवटचं उघडं दुकान कुठलं ते लक्षात ठेवा. मेडिकल असेल, दूध डेअरी असेल, पानाची टपरी असेल. त्या दुकानापासून घराच्या दारापर्यंत पावलं मोजा. माझा इतक्या वर्षांचा हिशेब असा की दोनशे पावलांच्या आत घर असेल तर ती वाट चांगली. बाईमाणूस हाक मारील तर कुणीतरी बाहेर येईल एवढं ते अंतर आहे.

नातेवाईक गावठाणाबद्दल बोलतात त्याचं मला वाईट वाटतं. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली आलं, सेक्टर त्यानंतरचे. बोनकोडे, खैरणे, गोठिवली, तळवली ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. गल्ल्या अरुंद आहेत, तारा लोंबतात, खांब नीट ओळीत नाहीत, हे खरं. आग लागली तर मोठा बंब आत शिरत नाही, ही माझी स्वतःची कायमची काळजी. पण रात्री अकराला तिथे शिडी लावली की पहिल्या मिनिटात ओट्यावरून आवाज यायचा, "कोन हाय रे?" नाव सांगावं लागायचं, कुठल्या खात्याचा ते सांगावं लागायचं. मग कुणीतरी पाण्याचा तांब्या आणायचं. ज्या गल्लीत शिडी लावणाऱ्याला नाव विचारतात, तिथे रात्री साडेनऊला तुमच्या मुलीच्या मागून कोण चाललंय हेही बघितलं जातं.

टॉवरच्या वाटेवरही मी काम केलंय. रस्ता गुळगुळीत, तीस-तीस मीटरवर खांब, सगळे चालू. पण दोन्ही बाजूंना कंपाउंडची भिंत. सहाशे मीटर चाला, वीस खांब लागतात आणि एकही दरवाजा लागत नाही. फाटकाच्या आत गेल्यावर मुलगी सुरक्षित असेल, मी नाही म्हणत नाही. फाटकापर्यंतचं विचारा. कंपनीची गाडी थेट फाटकात सोडणार असेल तर टॉवर घ्या, निश्चिंत राहा. चालत जायचं असेल तर मी माझ्या मुलीला गावठाणालगतची जागा घेऊन दिली असती.

आणखी एक. घरमालक भाडेकराराची नोंदणी करायला टाळाटाळ करत असेल तर ती जागा सोडून द्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यायला सांगा. मुलीचं नाव तिथे असणं तिच्याच फायद्याचं.

प्रश्न: चार महिन्यांत तीन वेळा तक्रार केली, गल्लीतले दिवे लागत नाहीत. 'काम झालं' असा मेसेज येतो आणि अंधार तसाच. काय करावं? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर: तक्रारीत तुम्ही काय लिहिलं होतं ते कळवलं असतंत तर बरं झालं असतं, कारण नव्वद टक्के गोष्ट तिथेच अडते.

दिव्याच्या खांबावर छातीच्या उंचीला रंगाने नंबर टाकलेला असतो. जुना झाला की त्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवतात. कोरड्या दिवशी, खांबाला हात न लावता, कोरड्या काठीने खरवडा, खाली सापडतो. तो नंबर, बंद पडल्याची तारीख आणि काय दिसतं ते लिहा. 'काय दिसतं' हे महत्त्वाचं आहे. एकच दिवा बंद असेल तर दिव्यात किंवा खांबाच्या बुंध्याशी असलेल्या पेटीत बिघाड आहे. एक माणूस आणि शिडी पुरते. अख्खी ओळ बंद असेल तर बिघाड पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या त्या लोखंडी पेटीत, नाहीतर जमिनीखालच्या केबलमध्ये. आणि दर तिसरा दिवा बंद असेल तर एक फेज गेलाय, कारण दिवे तीन फेजवर वाटून जोडलेले असतात. 'दर तिसरा बंद' एवढे तीन शब्द तक्रारीत असले की येणारा वायरमन योग्य सामान घेऊन येतो. नसले की शिडी घेऊन येतो, बघतो आणि परत जातो. दिवसा दिवे चालू दिसले तर तेही कळवा, टायमर बिघडलाय. तोच टायमर उद्या संध्याकाळी दगा देईल.

नंबराचा एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. १९९८ मध्ये माझ्याकडे एक चिठ्ठी आली होती, 'मार्केटमागचा दिवा बंद.' त्या भागात मार्केट दोन. माझा माणूस एका मार्केटच्या मागे जाऊन आला, तिथला दिवा चालू होता. मी चिठ्ठीवर 'दिवा चालू आहे' असं लिहून सही केली. सहाव्या रात्री दुसऱ्या मार्केटच्या मागे, त्या बंद दिव्याखाली, दुसरी पाळी संपवून घरी जाणाऱ्या एका नर्सबाईंचं मंगळसूत्र ओढलं. त्या पडल्या, मनगट मोडलं. सकाळी मी स्वतः गेलो. खांबाच्या पेटीतला फ्यूज उडाला होता. दोन मिनिटांचं काम. मी तार बदलली आणि तिथेच बुंध्याशी बसून राहिलो. बाईंना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी प्लास्टर घातलेल्या हाताने मला चहाचा कप पुढे केला. त्या दिवसानंतर तक्रार करणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय मी एकही चिठ्ठी बंद केली नाही.

तुम्ही आता असं करा. गल्लीतल्या दोघा-तिघांना घेऊन सगळ्या खांबांचे नंबर एका कागदावर उतरवा, बंद असतील त्यांच्यापुढे खूण करा, आणि तो कागद प्रभाग समितीच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. दिवे चालू असूनही फुटपाथ अंधारा असेल तर वर बघा, झाड असेल. पर्जन्यवृक्ष दहा वर्षांत दिव्याच्या वर जातो आणि सगळा उजेड पानांवरच सांडतो. फांदी स्वतः तोडू नका. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नेमकी कुठली फांदी छाटायची ते त्यांच्या माणसाला बरोबर कळतं. आधीचे पिवळे सोडियमचे दिवे चहूकडे उजेड फेकायचे, एलईडी खाली नेमका टाकतो. त्यामुळे वीज वाचली, पण खांबाच्या पाठची बाजू पूर्वीपेक्षा काळोखी झाली. तिथून चालायची सवय असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्रश्न: नेरूळला आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरच्या कोपऱ्यावर एक भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाला आणि वडापावची गाडी असायची. रहदारीला अडथळा म्हणून सोसायटीने पाठपुरावा करून त्यांना हटवलं. आता कोपरा स्वच्छ आहे. पण क्लासवरून रात्री येणाऱ्या माझ्या दोन्ही मुली म्हणतात, आई, तिथून यायला भीती वाटते. मिटिंगमध्ये बोलले तर 'तुम्हाला फेरीवाले परत हवेत का' म्हणून सगळे अंगावर आले. माझं चुकतंय का? (एक गृहिणी)

उत्तर: तुमचं मुळीच चुकत नाही. तुमच्या मुलींना जे जाणवलं ते खरं आहे, आणि मिटिंगमधल्या एकानेही त्या वेळी त्या कोपऱ्यावरून चालून पाहिलेलं नसणार.

आमच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला आहे. टेबल रस्त्याकडे तोंड करून, कोळशाची जड इस्त्री, टेबलाखाली पत्र्याचा डबा. त्या डब्यात चार घरांच्या किल्ल्या असतात. मुलं शाळेतून आली आणि आई अजून गाडीत असली की किल्ली त्याच्याकडून घेतात. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत तो उभा असतो, आणि उभ्या माणसाला रस्ता दिसतो. शेजारी बसणाऱ्या मावशी पहाटे चारला वाशीच्या भाजी मार्केटमधून माल आणतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीतले एक आजोबा, विसरायला व्हायचं त्यांना, रात्री नऊला लेंगा-बनियनवर मोठ्या रस्त्याकडे चालले होते. पाच मोटारी बाजूने गेल्या. मावशींनी हातातला तराजू खाली ठेवला, उठल्या, त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "बाबा, घर हिकडं हाय." मेथीची जुडी त्यांच्या हातात दिली आणि घरापर्यंत सोडून आल्या. गिऱ्हाईक उभं राहिलं होतं, थांबलं. हे काम कुठल्या कॅमेऱ्याने केलं असतं?

आता सोसायटीची बाजू. अडथळ्याची तक्रार खोटी नसते. रुग्णवाहिका वळली पाहिजे, बंब वळला पाहिजे, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला फुटपाथ मिळाला पाहिजे, तेलाचे डबे गटारात ओतता कामा नयेत. यासाठीच २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायचं, प्रमाणपत्र द्यायचं, विक्रीच्या जागा ठरवायच्या आणि सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं त्यात आहे. जागा ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असतात, त्यांत एक तृतीयांश बायका. रहिवाशांच्या संघटनांनाही त्या समितीत जागा आहे, हे सोसायट्यांना माहीतच नसतं. म्हणजे तुमच्या सोसायटीला मधला मार्ग काढता आला असता, अजूनही येईल.

पुढच्या मिटिंगला जाताना कोपऱ्याचा नकाशा काढून न्या. साधा, वहीच्या कागदावर. फाटक, झेब्रा पट्टे, बसथांबा, दिव्याचे खांब नंबरासकट. गाड्या वळायला किती फूट लागतात ते टेपने मोजा आणि उरलेल्या जागेत तीन चौकोन काढा. मग फेरीवाल्यांचं नावच काढू नका. विचारा, "संध्याकाळी सात ते दहा या कोपऱ्यावर कोण असणार आहे?" ज्यांच्या घरी मुली आहेत ते बोलायला लागतील. ठराव झाला तर नकाशासकट विभाग कार्यालयात द्या. आणि मावशींचा पत्ता लागतो का बघा, ताई. त्या आता कुठे बसतात, त्यांचं कसं चाललंय, हेही आपलंच आहे.

प्रश्न: मी वाशीला कॉलेजला जाते. तीन आठवडे एक मुलगा घणसोली स्टेशनपासून माझ्या मागे येतो. बोलत नाही, फक्त येतो. दोनदा नको म्हणून सांगितलं. घरी सांगितलं तर कॉलेज बंद करतील. पोलिसांत गेले तर म्हणतील, त्याने केलंय काय? (वय १९)

उत्तर: बाळ, त्याने केलंय. नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे मागे जाणं हाच गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली. पहिल्यांदा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केला तर पाच. हात लावण्याची वाट बघायची नसते.

आज रात्री वहीत लिहायला बस. कुठल्या तारखेला, कितीच्या गाडीने, कुठल्या दुकानापर्यंत तो आला, अंगात काय होतं, तू कुठल्या शब्दांत नको म्हणालीस. आठवेल तेवढं लिही आणि उद्यापासून रोज लिही. 'रोज मागे येतो' याने कुणी हलत नाही. 'मंगळवारी ७ वाजून ४० ला, अमुक मेडिकलसमोर' म्हटलं की पोलीस त्या मेडिकलचा कॅमेरा बघायला जातात. मागे लागलेला असताना घरी जाऊ नको, उघड्या दुकानात शीर आणि ११२ लाव. गाडीत असशील तर १३९.

तक्रार द्यायला एकटी जाऊ नको. आई-वडिलांना सांगायची भीती वाटते तर मावशी, आत्या, कॉलेजच्या बाई, कुणी एक मोठं माणूस बरोबर घे. तुझा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. 'घणसोली आमच्या हद्दीत नाही' असं ऐकावं लागलं तर शांतपणे सांग, झिरो एफआयआर लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. लिहून घेतलंच नाही तर तीच तक्रार लेखी पोलीस उपायुक्तांकडे.

आणि हे वाचणाऱ्या आईबापांना माझी विनंती. पोरीने असं येऊन सांगितलं तर तिचं कॉलेज बंद करू नका. मी रात्रपाळीला किती मुली भराभर चालताना पाहिल्यात, फोन कानाला लावून कुणाशीही न बोलणाऱ्या. त्यांच्यातल्या अनेकींनी घरी काही सांगितलं नसणार, एवढ्याच एका भीतीने.

प्रश्न: वय ७४, वाशीत एकटा राहतो. मुलगा परदेशात. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर पोलीस गणवेशातला माणूस म्हणाला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. चार तास बसलो. दूधवाला आला म्हणून सुटलो. आता बेल वाजली तरी छाती धडधडते.

उत्तर: काका, असे चार तास सोसून तुम्ही इथे लिहिलंत, यामुळे किती जणांचे पैसे वाचतील. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काहीच नाही. व्हिडिओ कॉलवरून पोलीस अटक करत नाहीत आणि पैसे तर कधीच मागत नाहीत. पुन्हा फोन आला तर ठेवून द्या, उद्धटपणा वाटला तरी चालेल. कुणाचे पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा. उशीर होईल तसे पैसे एका खात्यातून दहा खात्यांत जातात आणि मग हाती लागत नाहीत.

तुम्हाला दूधवाल्याने सोडवलं, हे विसरू नका. त्याला आणि पेपरवाल्याला सांगून ठेवा, कालची पिशवी किंवा कालचा पेपर दाराला तसाच दिसला तर शेजारची बेल वाजवायची. एक किल्ली शेजारी द्या. पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये नाव नोंदवा. नुसतं बोलावंसं वाटलं, काही विचारायचं असलं, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि मुलाला ही हकिकत सांगितलीत का? सांगा.

प्रश्न: आमच्या तीन मजली इमारतीकडे एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत. कॅमेरे बसवावेत की रात्रीचा वॉचमन ठेवावा? (सचिव, कामोठे)

उत्तर: आधी फाटकावर दिवा लावा. वीस वॅटचा एलईडी रोज दहा तास लावला तर महिन्याला सहा युनिट होतात. अंधारात कॅमेरा काळं-पांढरं चित्र दाखवतो आणि त्याच्याच अदृश्य झोताने गाडीची नंबरप्लेट पांढरीफटक दिसते. चोरी झाल्यावर मग सगळे स्क्रीनभोवती जमतात आणि एक पांढरा चौकोन बघतात. उजेड असेल तर दोन कॅमेरे पुरतात, एक फाटकाकडे आणि एक जिन्याकडे, कुणाच्या दाराच्या आत न बघणारे. रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं ते विचारून घ्या. डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढतं.

उरलेल्या पैशात वॉचमन जमत असेल तर ठेवा. एजन्सीचा परवाना बघा, माणसाची पोलीस पडताळणी बघा. आणि त्याला पंखा, पिण्याचं पाणी, संडासाची सोय द्या. बारा तास उभं ठेवलेला, मोरीचीही सोय नसलेला माणूस पहाटे तीनला डोळे उघडे ठेवील कसा?

प्रश्न: पावसाळ्यात आमच्या चौकातल्या खांबाला हात लागला की मुंग्या येतात. मंडळाच्या रोषणाईची वायरही त्याच खांबावरून घेतात. लोक म्हणतात, थोडंसं लागतं, काही होत नाही. (ऐरोली)

उत्तर: हे पत्र हातात पडलं तेव्हाच मी संपादकांकडून फोन नंबर घेऊन तुम्हाला फोन केला. बाकीच्यांसाठी लिहितो.

आज मुंग्या येतात तो खांब उद्या मूल मारू शकतो. बुंध्याजवळच्या पेटीचं झाकण चोरीला जातं, पावसाचं पाणी आत शिरतं, अर्थिंगची पट्टी गंजलेली असते आणि खांबात वीज उतरते. कोरड्या चपलेत तुम्हाला मुंग्या येतात. अनवाणी, भिजलेल्या, साचलेल्या पाण्यात उभ्या असलेल्या पोराला तेवढ्यावर सोडणार नाही. खांबाभोवती दोरी किंवा बाक लावून माणसं लांब ठेवा. पालिकेच्या विद्युत विभागाला आणि महावितरणच्या १९१२ ला लगेच कळवा, खांबाचा नंबर देऊन, 'खांबात करंट उतरला आहे' हे शब्द वापरून. कुणी चिकटलंच तर हाताने ओढू नका, आधी वीज बंद करा. ते होईपर्यंत कोरडी काठी, तीही स्वतः कोरड्यावर उभं राहून. मंडळाला महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. खांबावरून वायर ओढणाऱ्या मुलांना मी दरवर्षी खाली उतरवलंय, शिव्या खाल्ल्यात आणि पुढच्या वर्षी परत उतरवलंय.

प्रश्न: आमच्या मैदानात संध्याकाळी सातनंतर अंधार होतो. मग मोठी मुलं बसतात आणि आई जाऊ देत नाही. आमची क्रिकेटची टीम आहे. लहान मुलांनी तक्रार केली तर चालते का? (इयत्ता सहावी, घणसोली)

उत्तर: चालते. तू पत्रात मैदानाच्या कडेचे चार खांब काढलेस आणि दोघांवर फुली मारलीस, हे फार छान केलंस. फक्त नंबर राहिलेत. उद्या उजेड असताना टीमला घेऊन जा. खांबाला हात लावायचा नाही, दोन हात लांबून वाचायचं. एकाने मोठ्याने नंबर म्हणायचा, एकाने लिहायचा. जो पुसलाय त्याच्यापुढे 'पुसलेला' लिही आणि त्याच्या समोर काय आहे, घसरगुंडी की फाटक, ते लिही. खाली सगळ्यांनी सह्या करा. आईला म्हणावं, कागद द्यायला तूही चल. कार्यालयात शिक्का मारून दिलेली प्रत जपून ठेव. दिवे लागले की कितीला लागतात आणि कितीला बंद होतात ते मला कळव.